इसाजींच्या सोंगट्या

इसाजींच्या हातात काहीही दिलं की ते आधी तळहातावर घेऊन दोनदा वरखाली करायचे आणि मगच त्याच्याकडे बघायचे. चहाचा ग्लास असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर लेथवर चढवायचा तुकडा. माझ्या मुलीच्या बारशाला ते पेणला आले तेव्हा त्यांनी बाळालाही असंच दोन्ही तळव्यांवर घेतलं, अलगद वरखाली केलं आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वजन हाय. काळजी करू नका." दवाखान्यातल्या काट्यावर बाळ हलकं भरलं म्हणून आठ दिवस झुरणारी माझी बायको त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली.

"वजन हाय" ही इसाजींकडची सगळ्यात मोठी पदवी होती. रोहा स्टँडसमोरच्या एका वडेवाल्याला ती मिळाली होती. आमच्या नव्या मॅनेजरला शेवटपर्यंत मिळाली नाही.

रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत ते टर्नर होते आणि मी स्टोअर्समध्ये. मी सकाळी पेणहून शटल पकडायचो आणि कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला उतरायचो. इसाजी रोह्याचेच. पूर्ण नाव इसाजी अष्टमकर, जातीनं बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. गावातली जुनी माणसं त्यांना अजून शनवारतेली म्हणत, कारण त्यांच्या आज्याचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असे. घाणा केव्हाच गेला, शनिवार मात्र राहिला. इसाजी शनिवारी सुट्टी घेत आणि बदल्यात रविवारी रिकाम्या वर्कशॉपमध्ये एकटेच लेथ चालवत. त्यांच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. रोह्यात चार उरले होते.

मला ते नावानं कधी हाक मारत नसत. पेणचा म्हणून नुसतं "पेण" म्हणत. "काय रे पेण, गाडी टायमावर होती का?" मीही ओ द्यायला शिकलो.

ती नव्वदीनंतरची वर्षं प्लास्टिकची होती. पितळेच्या बादल्या मोडीत गेल्या, लाकडी खुर्च्या माळ्यावर चढल्या आणि एक दिवस आमच्या कँटीनमधली स्टीलची ताटं जाऊन रंगीत प्लास्टिकची आली. सगळे खूश झाले, कारण ती पडली तरी आवाज होत नसे. इसाजींनी मात्र दुसऱ्या दिवसापासून घरून पितळेचं ताट आणायला सुरुवात केली. विचारलं तर म्हणाले, "जेवण बरं हाय. पण ताट उचललं तर हाताला कळत नाय भरलेलं हाय की रिकामं." अशा माणसाला पुढे जो प्रश्न पडला तो खरं तर पडायलाच नको होता.

इसाजींचा धाकटा भाऊ दानियल वीस वर्षांपूर्वी इस्रायलला गेला होता. त्यांची आई रोहा सोडायला तयार नव्हती, म्हणून इसाजी मागे राहिले. आई गेली तोवर त्यांचं जायचं वयही गेलं होतं आणि लग्नाचंही. त्या दानियलकडून एक दिवस एक खोकं आलं. इसाजींनी ते थेट कँटीनमध्ये आणून उघडलं. आत घडीचा एक मोठा पट होता, त्यावर भुयारं, खोल्या आणि जिने काढलेले. मुलांच्या सापशिडीसारखा हा खेळ नव्हता. जाडजूड इंग्रजी पुस्तकात नियम होते आणि इसाजींनी डिक्शनरी घेऊन ते पंधरा दिवसांत पाठ केले.

"हे बघ पेण," ते समजावू लागले, "चौघं जण भुयारात शिरतात. एक तलवारवाला, एक मांत्रिक, एक बुटका आणि एक तिरंदाज बाई. आतमध्ये राक्षस. दोघांनी खेळायचं. एकानं चौघांना चालवायचं, दुसऱ्यानं राक्षसांना."

"आणि जिंकतं कोण?"

"ते नंतर. आधी सोंगट्यांचं बघू."

सोंगट्या पुठ्ठ्याच्या होत्या. कँटीनचा पंखा लागला आणि मांत्रिक उडून आमटीत पडला. दानियलनं पत्रात लिहिलं होतं: 'मी दोन खोकी घेतली, एक तुला, एक मला. लहानपणी ओटीवर खडूनं पट आखून चिंचोक्यांनी खेळायचो ते आठवलं. यात घालायच्या खऱ्या सोंगट्या वेगळ्या मिळतात, मेटलच्या आणि प्लास्टिकच्या. तुला कुठल्या पाठवू ते कळव.'

मी म्हटलं, "यात विचार कसला करायचा? मेटल कळवा."

"कळवतो," इसाजी म्हणाले.

आणि कळवलं नाही. कळवलं ते असं की, बघितल्याशिवाय कसं सांगू. मग दानियलनं इकडे येणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर वानगीदाखल दोन राक्षस पाठवले. एकच राक्षस, एकदा धातूचा आणि एकदा करड्या प्लास्टिकचा. अंगठ्याएवढेच होते, पण दोघांच्याही दंडावरच्या शिरा मोजता येत होत्या. इसाजींनी डाव्या हातावर एक आणि उजव्यावर दुसरा घेतला आणि डोळे मिटून किती तरी वेळ नुसते उभे राहिले. आम्ही जेवण सोडून बघत होतो.

"मेटलला वजन हाय," ते म्हणाले. आम्ही सुटलो असं वाटलं. "पण प्लास्टिकची नाकपुडी साफ आलीय."

तिथून कंपनीत दोन तट पडले. बॉयलरवाले मेटलचे, पॅकिंगवाले प्लास्टिकचे. इसाजींनी रीतसर परीक्षा घेतल्या. मेटलचा राक्षस टेबलावरून पाडला तर त्याची तलवार वाकली आणि सरळ करायला गेले तर तुटेल अशी भीती. प्लास्टिकचा पाडला तर काहीच झालं नाही. त्याची तलवार मुद्दाम वाकवली आणि कढत पाण्यात बुडवली, तर ती आपसूक सरळ झाली. इसाजींनी ती त्या दुपारी आणखी तीनदा वाकवून बुडवली. पितळेच्या ताटात जेवणाऱ्या माणसाला प्लास्टिकनं असं वागावं हे आवडलं नसावं.

मग त्यांच्या डोक्यात आलं की, रंग दिल्यावर कसं दिसतं ते बघायला हवं. रंग म्हटल्यावर पेण. माझ्या आळीत दत्तारामदादा राहायचे. चाळीस वर्षं गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत होते, दुसरं काम नाही. इसाजी प्लास्टिकचा राक्षस रुमालात बांधून त्यांच्या गणपतीच्या कारखान्यात आले. भोवती हजारभर बिनरंगाचे गणपती आणि त्यात इसाजी जरा अंग चोरून उभे.

"आमच्यात मूर्ती चालत नाय," त्यांनी आधीच स्पष्ट केलं. "ही मूर्ती नाय, सोंगटी हाय."

"माझ्याकं ठेवून जा," दत्तारामदादा म्हणाले.

आठ दिवसांनी आम्ही गेलो. राक्षसाचं अंग हिरवंगार झालं होतं, सुळे पांढरेशुभ्र. पण डोळे! दत्तारामदादांच्या कुंचल्याला एकच नजर ठाऊक होती, आणि तीच त्यांनी राक्षसाला दिली होती. तो हातात तलवार उगारून आमच्याकडे अशा मायेनं बघत होता की, त्याच्यापुढे दोन गोष्टी बोलाव्यात असं वाटावं. कपाळावर बारीकसं लाल गंधही होतं.

इसाजी दोन पावलं मागे सरले. "दादा, हे काय केलंत? आता ही मूर्ती झाली."

"डोळं आखलं की व्हते," दत्तारामदादा शांतपणे म्हणाले.

"मग मला घरात नाय ठेवता येणार."

"आन मला मोडता नाय येणार."

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. शेवटी राक्षस कारखान्यातच राहिला. दत्तारामदादांनी त्याला रंगाच्या डब्यांच्या फळीवर बसवलं. पुढे केव्हातरी गेलो तर त्याच्यापुढे एक जास्वंदीचं फूल होतं.

यात वर्ष सरलं. इसाजी महिन्याला एक निळं हवाई पत्र लिहायचे. रोह्याचं पोस्ट ढिलं आहे असं त्यांचं ठाम मत होतं, त्यामुळे ते पत्र माझ्याकडे द्यायचे आणि मी ते पेणला टाकायचो. चिकटवायचंही मीच, कारण माझ्याकडे स्टोअर्सची खळ होती. तिकडून दानियलचं उत्तर यायचं, आणि इसाजी मला सांगायचे, "विचारतोय, ठरलं का म्हणून." मी विचारायचो, "मग ठरलं का?" ते म्हणायचे, "बघू."

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी स्टोअर्समधला माणूस. कागदावर 'पेंडिंग' हा शब्द दिसला की माझ्या अंगाला खाज सुटते. वर्षभर एका माणसानं एका साध्या प्रश्नावर दुसऱ्याला ताटकळत ठेवावं हे मला बघवेना. दानियलची मला कीव यायला लागली. एका संध्याकाळी पेण पोस्टासमोर उभा राहून मी ते निळं पत्र चिकटवणार होतो, तेवढ्यात समासात कोरी जागा दिसली. खिशात पेन होतं. मी लिहिलं: 'इसाजींचं मन मेटलवर आहे, पण ते सांगणार नाहीत. मेटल पाठवा. त्यांचा पेणचा मित्र.' पत्र टाकलं आणि एक काम मार्गी लावल्याच्या समाधानात घरी गेलो.

अडीच महिन्यांनी पार्सल आलं. चौघे जण आणि अठरा राक्षस, सगळे मेटलचे. कँटीनमध्ये बॉयलरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. इसाजींनी एकेक सोंगटी तळहातावर घेऊन वरखाली केली आणि परत कापसात ठेवली. "वजन हाय," ते म्हणाले. पण मला कसं तरीच वाटलं. पदवी देताना त्यांचा आवाज असा नसायचा.

त्यानंतर ते सोंगट्यांबद्दल बोललेच नाहीत. मला पोस्टात टाकायला पत्रही देईनात. एक महिना गेला, दोन गेले, तीन गेले. एका दुपारी पहिली शिफ्ट सुटल्यावर मी रोहा स्टेशनावर शटलची वाट बघत बाकावर बसलो होतो. इसाजी चालत चालत आले आणि शेजारी बसले. मी सहज विचारलं, "दानियलभाऊंचं पत्र नाही हल्ली?"

"आता काय लिहिणार तो," ते म्हणाले. "ठरलं ना."

इसाजींनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेली पत्रं काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मी वरचं उघडलं. पहिल्या ओळीत होतं, 'मेटल की प्लास्टिक, लवकर कळव.' आणि मग चार बाजू भरून बारीक अक्षरात बाकीचं. गुडघा दुखतो. इथे मलिद्याला गोड कालवायचे पोहे मिळतात पण जाड. कुंडलिका नदीतल्या बोयटाची चव इथल्या मासळीला नाही. आईच्या कबरीवरचं गवत काढलंस का. मी दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. पहिली ओळ सगळ्यांत तीच.

"गेल्यावर दोन-तीन वर्षं लिहायचा," इसाजी रुळांकडे बघत म्हणाले. "मग नव्याच्या सणाला, आमच्या नवीन वर्षाला, कार्ड. छापील. खाली नुसती सही. मी लिहायचो तर उत्तर नाय. त्याचंपण बरोबर हाय, कामधंदा, पोरंबाळं. विषय तरी काय काढायचा माणसानं? हे खोकं आलं आन त्याला दर महिन्याला विचारायला काहीतरी झालं."

मी म्हटलं, "इसाजी, ते समासात मी..."

"ठावं हाय. पार्सलात चिठ्ठी होती. तुझ्या पेणच्या दोस्ताचं अक्षर चांगलं हाय म्हणून लिवलं होतं."

एवढं कळूनही तीन महिने हा माणूस रोज माझ्यासमोर बसून जेवला होता. मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. शटल आली. मी चढलो, पण निडी येईपर्यंत मला बसायचंसुद्धा सुचलं नाही. निडीला मी खाली उतरलो आणि उलट दिशेची गाडी तासाभरानं होती ती पकडून रोह्याला परत गेलो.

इसाजींच्या दाराला कडी लावलेली नव्हती. मधल्या खोलीत टेबलावर पट उलगडलेला होता, सोंगट्या मांडलेल्या होत्या. एका बाजूला इसाजींची खुर्ची, समोरची खुर्ची रिकामी. ते दोन्हीकडून खेळत असणार.

"इसाजी," मी दारातूनच म्हटलं, "दानियलभाऊंकडे दुसरं खोकं आहे ना?"

"हाय."

"मग त्यांनी तिकडे मांडायचा, तुम्ही इकडे. फासा टाकायचा, चाल करायची आणि पत्रात कळवायची. त्यांची चाल पुढच्या पत्रात."

इसाजींनी माझ्याकडे बघितलं. मग पटाकडे बघितलं. "फासा तिकडं तो टाकणार आन मला नुसतं कळवणार? दान्या लहानपणापासून रडी खातो."

"खाऊ द्या."

ते हसले. वर्षभरात मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. त्यांनी कोनाड्यातून एक कोरं निळं पत्र काढलं, चष्मा लावला आणि फासा माझ्या हातात दिला. मी टाकला. तीन पडले. इसाजींनी तलवारवाल्याला उचललं, तळहातावर दोनदा वरखाली केलं आणि भुयाराच्या तोंडाशी तीन घरं पुढे ठेवलं. मग पत्रात ते लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता थांबले.

"एक चाल जाऊन यायला महिना," ते म्हणाले. "डाव संपायला दहा वर्षं तरी लागतील."

"मग काय, नको?"

"नाय, तसं नाय." त्यांनी तलवारवाल्याला पुन्हा उचललं आणि दोन घरं मागे आणलं. "एकच पडला म्हणून लिवतो."