सुभेदार मान्यांची चाळण

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका सुभेदार जोतीराम मान्यांच्या हातात दिली, तेव्हा त्यांनी अभिनंदन केलं नाही की बसा म्हटलं नाही. खिशातली लाल पेन्सिल काढली आणि पत्रिकेवर रेघा मारायला लागले. देवांची नावं गेली, घरातल्या सतरा वडीलधाऱ्यांची नावं गेली, चिमुकल्यांचं आग्रहाचं आमंत्रण गेलं. मग पत्रिका माझ्यापुढे धरून म्हणाले, "सर, ओळी चाळीस, कामाच्या तीन. कुणाचं, कवा आन् कुठं. बाकी समदे खडे."

खडे म्हणजे तांदळात सापडतात ते. जगातल्या कुठल्याही मजकुराकडे सुभेदार तांदूळ निवडायला बसल्यासारखे बघतात. बोलण्याकडेही तसेच. आपण "त्याचं काय झालं, परवा मी सहज बाहेर पडलो" अशी सुरुवात केली की त्यांचा हात वर होतो. "खडे काढून सांगा." मी कॉलेजात मराठी शिकवतो. खडे काढले तर माझ्याकडे फारसं काही उरत नाही, असं त्यांनी मला एकदा तोंडावर सांगितलं आहे.

सांगलीतली आमची सोसायटी तीन मजली, बारा घरांची. मी मूळचा साताऱ्याचा. बायकोची नोकरी आणि मुलं तिकडे, मी इकडे एकटा, शनिवारी एसटीनं घरी. सुभेदार माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. गाव औंधजवळचं, उमेदीची वर्षं सगळी सैन्यातल्या सिग्नल विभागात गेली. पत्नी वारली, मुलगा शिरवळला कारखान्यात, तेव्हा तेही एकटेच. चौकीवर वायरलेसची बॅटरी जपून वापरावी लागे, निरोप मोजक्या शब्दांत द्यावा लागे आणि पलीकडचा एक जवान मात्र रोज "और सुनाओ" म्हणायचा. त्या जवानावरचा राग त्यांनी निवृत्तीनंतर सोसायटीच्या ग्रुपवर काढला.

आमच्या ग्रुपवर सकाळ झाली की शुभ सकाळचा पाऊस पडतो. त्यात पार्किंगची तक्रार, लिफ्टवाल्याचा निरोप, सगळं वाहून जातं. सुभेदार साठी उलटल्यावर संगणकाच्या वर्गाला गेले आणि त्यांनी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव चाळण.

"लय सोपं हाय," त्यांनी मला समजावलं. "ग्रुपवरचं समदं लिवलेलं एका फायलीत घ्यायचं. एक ओळ उचलायची. माज्या यादीतला शब्द तिच्यात हाय का बघायचं. हाय, तर ती खड्यात. न्हाई, तर तांदळात. मग फुडची ओळ. झालं."

यादीत शुभ, सुप्रभात, हार्दिक, अभिनंदन असे नव्वदेक शब्द होते. रोज सकाळी सातच्या ठोक्याला 'तांदूळ' नावाची फाइल छापून फाटकाजवळच्या फळ्यावर लागायची. चार-पाच ओळी, त्याही कामाच्या. दोन महिन्यांत ग्रुपवर टाकणं तेवढं चालू राहिलं, वाचणं आम्ही सगळ्यांनी सोडून दिलं.

आणि तिथंच घात झाला. उन्हाळ्यात 'पाणी जपून वापरा' असल्या उपदेशांना कंटाळून सुभेदारांनी यादीत 'पाणी' घातलं. त्याच आठवड्यात सोसायटीच्या सचिवांनी ग्रुपवर लिहिलं, 'उद्या टाकी धुणार आहेत, सकाळी पाणी येणार नाही.' ही ओळ इमानदारीत खड्यात गेली. दुसऱ्या दिवशी बारा घरांत नळ कोरडे आणि मी न्हाणीघरात डोक्याला साबण लावून उभा. अर्ध्या तासानं दारावर थाप पडली. बाहेर सुभेदार, दोन्ही हातांत बादल्या. अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी हापशावरून प्रत्येक घराला दोन-दोन बादल्या पोचवल्या. कुणाला हात लावू दिला नाही. फळ्यावर चिठ्ठी लागली, 'चूक माझी. पाणी यादीतून काढले. माने.' त्यात क्षमस्व नव्हतं, कारण तो शब्दही यादीत होता.

मी चिडवलं, "काका, आता ती खड्यांची फाइल तरी पुसून टाका. कशाला जपून ठेवता?"

"खडे टाकायचे न्हाईत," ते म्हणाले. एवढं बोलून ते जिना चढायला लागले.

त्यांच्या चाळणीला उघड विरोध केला तो फक्त तळमजल्यावरच्या इंदूताईंनी. निवृत्त प्राथमिक शिक्षिका, एकट्या राहतात. रोज पहाटे पावणेसहाला त्यांची शुभ सकाळ येते, खाली एक सुविचार. सोसायटीच्या बैठकीत सुभेदार त्यांना म्हणाले, "बाई, तुमचे खडे लय येत्यात." इंदूताई शांतपणे म्हणाल्या, "येणारच. तीस वर्षं रोज फळ्यावर लिहिलंय. तुम्ही काढत राहा, मी टाकत राहते." त्यानंतर दोघं जिन्यात भेटले तरी बोलत नसत.

गेल्या थंडीत एका सकाळी मी पक्कड परत द्यायला वर गेलो. सुभेदार संगणकापुढे होते. मला वाटलं तांदूळ निवडताहेत. पण पडद्यावर खड्यांची फाइल होती, हातात एक वही होती आणि ते बोटानं एकेक शुभ सकाळ शोधत वहीत खूण करत होते.

"बाईंचा खडा न्हाई आला," ते म्हणाले. "सात वाजाय आले."

"झोपल्या असतील."

"त्या? तीस वरसं शाळा केल्याली बाई?" आणि ते जिना उतरायलाही लागले होते, एका पायात चप्पल, एका पायात बूट.

पुढचं दार बंद होतं. सुभेदारांनी मागच्या अंगणाकडून जाऊन, खिडकीतून हात घालून मागच्या दाराची कडी सरकवली. इंदूताई स्वयंपाकघरात पडल्या होत्या, फोन बाहेरच्या खोलीत कॉटवर. खुब्याचं हाड मोडलं होतं. आम्हाला बघून त्या कशाबशा म्हणाल्या, "आलात? आज एक खडा कमी भरला असेल."

मी रुग्णवाहिकेला फोन लावला. सुभेदार त्यांच्याजवळ फरशीवर बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि बोलायला लागले. "काय न्हाई बाई, घाबरायचं न्हाई. समदं ठीक व्हतंय. आमी हाय की. आता गाडी येतीया, आत्ता येतीया." गाडी येईपर्यंत ते हेच पुन्हा पुन्हा बोलत राहिले. त्यातली एकही ओळ चाळणीतून पार झाली नसती.

संध्याकाळी दवाखान्यातून परतल्यावर त्यांनी मला वही दाखवली. सोसायटीत एकटी राहणारी पाच माणसं, पाच नावं, रोजच्या खुणा. "आमची मंडळी घरात अशीच पडली तवा मी गावाकडं रानात व्हतो," ते म्हणाले. "दुपारपातुर कुणाला कळलं न्हाई. कळाय पायजे व्हतं, सर."

पाचवं नाव माझं होतं.

"मी तर शुभ सकाळ टाकत नाही," मी म्हटलं.

"तुमची स्कूटर साडेसातला सुरू व्हती. तीन किका. तिसरी वाजली की खूण."

"आणि तुमचं नाव?"

"माजं कशाला? मी चाळणारा."

त्या दिवसापासून मला एक सवय लागली. सातला चहाचा कप घेऊन गॅलरीत यायचं आणि फळ्यावर कागद लागला का बघायचं. सुभेदारांना हे मी सांगितलं नव्हतं.

मागच्या महिन्यात एकदा सव्वासात झाले तरी कागद नव्हता. सात वीसला मी वर पळालो. दार नुसतं लोटलेलं होतं. सुभेदार प्रिंटर उघडून त्यात डोकं घालून बसले होते. बोटं शाईनं काळी झालेली.

"शाई संपली," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी अनवाणी होतो, धापा टाकत होतो आणि कपातला चहा शर्टावर सांडला होता. "काय झालं?"

"काही नाही. सहज आलो."

हा खडा होता. पण त्यांचा हात वर झाला नाही. ते उठले, हात धुतले, वही काढली आणि माझ्या नावाखाली लिहिलं, 'माने'. लाल पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"करा खूण," म्हणाले.

मी केली.