हेल्मेटमधलं अर्धं वाक्य

"डावीकडून पळवा, फेकाफेकी नको," एवढं रेडिओवर सांगून कोच हॉलोवेल यांनी बटण सोडायला हवं होतं. पण कमरेचं ते बटण आत रुतून बसलं. त्यामुळे ते शेजारच्या मदतनिसाशी काय बोलतात, ते अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात उभ्या असलेल्या ग्रेडी टॉलिव्हर या क्वार्टरबॅकला, म्हणजे चाली सांगून चेंडू फेकणाऱ्या गड्याला, हेल्मेटमध्ये ऐकू यायला लागलं.

"म्हातारा झाला रे ग्रेडी. उद्या सकाळी त्याला सांगूनच टाकतो, की बाबा..."

खट्. चाल सुरू व्हायला पंधरा सेकंद उरले की रेडिओ आपोआप बंद, हा लीगचा नियम. उलट विचारायचीही सोय नाही. हेल्मेटला कान असतात, तोंड नसतं. की बाबा काय? घरी बस? ऐन छत्तिशीत घरी बसून माणसाने करायचं काय?

पुढचं ऐकायचं तर मैदानात टिकायला हवं. चार चालींत दहा यार्ड सरकलं नाही, तर चेंडू समोरच्यांचा आणि आपण बाकावर. ग्रेडी चेंडू पोटाशी धरून स्वतःच तीन धटिंगणांच्या अंगावर गेला. अकरा यार्ड!

"बाकावरचा तो कोल्बी पोरगा त्याच्या जागी तयार आहे," हेल्मेट बोलू लागलं. "पुढच्या रविवारी त्याला..."

"ग्रेडी, चाल कुठली?" भोवती जमलेल्या गड्यांनी विचारलं.

"गप्प बसा रे, ऐकू द्या!"

खट्.

"आता सांग, कुठली?"

"कुठलीही! तुम्ही फक्त त्यांना अडवा."

त्यांनी अडवलं. ग्रेडीने वैतागून चेंडू लांब भिरकावला, तो थेट समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे आपल्या गड्याच्या हातात. टचडाउन! सामना जिंकला. संघाच्या गावचे, टोलेडोचे लोक खुर्च्यांवर नाचत होते आणि ग्रेडी डोक्याला हात लावून उभा होता. आता पुढची चाल नाही, म्हणजे पुढचं वाक्यही नाही. तो तडक कोचकडे गेला.

"कोच, की बाबा काय?"

कोचचा हात कमरेकडे गेला आणि चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी गुणफलक पाहिला, मग ग्रेडीला पाहिलं.

"की बाबा..." ते खाकरले, "त्या कोल्बीला जरा शिकव. तू आहेस अजून दोन वर्षं."

ग्रेडीचा जीव भांड्यात पडला. बटणही दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झालं.

पुढच्या रविवारी सामना अडला. गडी दमले होते. हेल्मेटमध्ये कोचचा आवाज आला, "ग्रेडी, काल मालक तुझ्याबद्दल म्हणत होते, की..."

खट्.

चाल सुरू व्हायला अजून तीस सेकंद बाकी होते.