शेखरची ऐटदार बैठक

"मामा, आज बोलायचं काम तुमचं, बसायचं काम माझं! नुसत्या बसण्यावर मुलीकडचे गार होतात की नाही बघा!"

लासलगावच्या एसटीत शेखरनं भारतमामांना हे ठणकावून सांगितलं. गडी नाशकात कॉलेज रोडला इंग्रजी संभाषणाचा वर्ग करून ताजाताजा बाहेर पडला होता. कसं बसावं, कसं उभं राहावं, सगळं सरांनी इंग्रजीतून घोटून घेतलेलं. सिट अप स्ट्रेट! चिन अप! क्रॉस युवर लेग्ज! लीन बॅक! शब्द पाठ झाले की रुबाब आपोआप येतो, याबद्दल शेखरला तिळमात्र शंका नव्हती. आणि रुबाब आज हवाच होता. एका लग्नात पाहिल्यापासून सायली त्याच्या मनात भरली होती. बायको करीन तर हिलाच!

सायलीचे वडील सावळीराम कांद्याचे व्यापारी. त्यांनी दिवाण दाखवला. शेखर बसला. सिट अप स्ट्रेट! चिन अप! नजर थेट पंख्याला.

"काय वो, पाव्हण्याच्या मानंला पट्टा हाय का?" चंद्रभागाआत्यानं, म्हणजे सायलीच्या आत्यानं, विचारलं.

"छे छे! तब्येत ठणठणीत!" मामा घाईनं म्हणाले.

शेखर मनात म्हणाला, छाप पडतेय! क्रॉस युवर लेग्ज! पायावर पाय चढला आणि फाटक्या मोज्यातला अंगठा थेट सावळीरामांच्या नाकासमोर आला. मामांनी असा चिमटा काढला की शेखर कळवळला. पण डगमगेल तो शेखर कसला! लीन बॅक! त्यानं डोळे मिटून मान मागं टाकली.

"अगं बया! पोराला फीट आली!" आत्या किंचाळली. "कांदा आणा, कांदा!"

लासलगावात कांद्याला काय तोटा! सावळीरामांनी बुक्कीनं फोडला, आत्यानं नाकात कोंबला.

"आय ॲम सिटिंग स्ट्रेट!" शेखर ओरडला.

"बरळतोय! धरा त्याला, लय जोर हाय अंगात!"

तेवढ्यात सायली पोहे घेऊन आली. शेखरनं तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी!

संपलं सगळं, असं म्हणत मामा परतले. पण चार दिवसांनी होकार आला! सायली म्हणे हटूनच बसली, "मला बघून ज्याचे डोळे भरून आले, त्याच्याशीच लग्न करीन!"

"बघा मामा! म्हटलं नव्हतं?" शेखरनं कॉलर ताठ केली.

आत्याची मात्र एकच अट होती. नवरदेव घोड्यावर बसवायचा नाही, वाटेत फीट आली तर?

म्हणून वरात निघाली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. शेखर फेटा बांधून मधोमध बसलेला, दोन्ही दंड दोन मेहुण्यांनी गच्च धरलेले, आणि समोर आत्या, हातात सोललेला कांदा घेऊन!