सात ते आठ, घंटी बंद

उन्नतीने दाराच्या घंटीचं बटण बंद केलं, घरातले तिन्ही मोबाइल गव्हाच्या डब्यात टाकले आणि झाकण दाबून बसवलं. सात वाजले होते.

"कीड लागून जाईन ना वं ताई!" पियुष कळवळला.

"तुले आधीच लागली आहे मोबाइलची. बस खाली."

दहावीतल्या उन्नतीला महिन्यापूर्वी वक्तृत्वात पहिलं बक्षीस मिळालं होतं. विषय होता 'कृतज्ञता, आरोग्य आणि कुटुंब'. लोक बक्षीस घेऊन घरी येतात, उन्नती विषयच घेऊन आली! साखर माळ्यावर चढली, भजी हद्दपार झाली. आणि रोज सात ते आठ 'आपला तास'. एका माणसाचे आभार चिठ्ठीवर लिहायचे, मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी कडकडून टाळ्या वाजवायच्या.

"आज राहू दे ना," पप्पा म्हणाले. "आबाजीले आणाले स्टँडवर जायचं आहे. फोन आला तं?"

आबाजी म्हणजे पप्पांचे वडील, रुपराव. पारशिवनीहून एकटेच येत होते. उद्या धंतोलीतल्या डॉक्टरांना त्यांचा गुडघा दाखवायचा होता.

"त्याइची गाडी साडेआठले येते पप्पा, आपलं आठले संपते. आन् आजचा विषयच आबाजी आहे!"

पप्पा चिठ्ठी घेऊन बसले.

पियुषने वाचलं, "आबाजीनं मले ट्रॅक्टर चालवाले दिला आणि आईले सांगितलं नाही, म्हणून आभार." आईचे डोळे मोठे झाले. पण नियम म्हणजे नियम, टाळ्या तिलाही वाजवाव्या लागल्या.

मग पप्पा उठले. "शाळा सुटायच्या आधीच आबाजी फाटकापाशी सायकल घेऊन उभे राहत. ऊन असो का पाऊस. त्याइनं मले कधी, एक मिनिटही, बाहेर ताटकळत ठेवलं नाही..." चिठ्ठी अर्धीच ठेवून ते खाली बसले. उन्नतीने तर हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. असा तास आजवर झालाच नव्हता!

आठ वाजता डबा उघडला. पप्पांनी मोबाइलवरचे गहू झटकले आणि त्यांचा चेहरा पडला. नऊ मिस्ड कॉल. सगळे आबाजींचे. पहिला सात वाजून पाच मिनिटांचा.

पप्पांनी गाडीची किल्ली उचलली, दार खाडकन उघडलं आणि जागीच थांबले.

जिन्याच्या वरच्या पायरीवर आबाजी बसले होते. एक पाय सरळ लांब केलेला, शेजारी पिशवी, हातात अर्धा खाल्लेला मुळा.

"आबाजी! कवापासून बसले?"

"झाला असन अर्धा-पाऊन घंटा. आंधीची गाडी भेटली, ऑटो करून आलो. घंटी दाबली, तं वाजेच ना. दार ठोकलं का तुम्ही अंदर टाळ्या वाजवा. मले वाटलं, कोनाचा वाढदिवस आहे."

"त्या गुडघ्यानं दोन जिने चढले?" आईने कपाळावर हात मारला. "आन् कच्चा मुळा काहून खाऊन राहिले?"

"भूक लागली. लाडू आणत होतो, पन हे म्हणे गोड नाही आणाचं. मंग मुळे आणले."

'हे' म्हणजे कोण ते सांगायची गरज नव्हती. उन्नती मान वर करेना. ज्यांचे आभार मानत होतो ते दाराच्या पलीकडे उपाशी बसले होते, आणि दार वाजत असताना टाळ्या सगळ्यात जोरात कोणाच्या होत्या?

"मंग जोरानं हाक काहून नाही मारली, आबाजी?" तिने कसंबसं विचारलं.

"मारणारच होतो. पन मधू, तुहा बाप, माह्याबद्दल बोलून राहिला होता. तोंडावर कधी बोलला नाही थो असा. मधात हाक मारली असती, तं चूप झाला असता."

पप्पा वळून उगाचच पिशवी उचलायला लागले.

त्या रात्री माळ्यावरची साखर खाली आली, शिरा झाला. जेवणं झाल्यावर आबाजींनी चिठ्ठी मागितली. अक्षर काढून काढून लिहिलं आणि स्वतःच वाचलं, "दार उघडल्याबद्दल आभार. रुपराव."

पियुषने सवयीने हात वर नेले, ताईकडे पाहिलं आणि गुपचूप मांडीखाली घातले.

उन्नती उठली. तिने घंटीचं बटण चालू केलं आणि खात्री करायला बाहेर जाऊन, दार ओढून घेऊन बाहेरचं बटण दाबलं. घंटी घरभर खणखणली.

"थांब वं जराशी!" आतून आबाजी ओरडले. "आमच्या टाळ्या होऊ दे!"