बासष्ट मूळ प्रती

आमच्या अभिलेख कार्यालयातल्या नोंदबाई छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या, आणि त्यांच्या निरोप समारंभाच्या छायाचित्रणाची जबाबदारी कार्यालयीन आदेशान्वये माझ्यावर सोपवण्यात आली. माझी पात्रता एकच होती. दोन महिन्यांपूर्वी मी नवा कॅमेरा घेतला होता आणि तो मिरवायला एकदा ऑफिसात आणला होता. आदेशात माझा उल्लेख ‘छायाचित्रणाचा अनुभव असलेले कर्मचारी’ असा होता. तोवर मी खिडकीतली कुंडी आणि समोरच्या गच्चीवर वाळत घातलेलं धुणं एवढंच टिपलं होतं. कुंडी बरी आली होती.

नोंदबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे, पण पगारपत्रक सोडलं तर खरं नाव कुठेच वापरात नव्हतं. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय आमच्या इमारतीतून कागदाचा कपटाही हलत नसे. फाटलेला, उंदरांनी कुरतडलेला, शाई सांडलेला, कसलाही कागद नष्ट करायचा तर ‘अभिलेख नाशन प्रपत्र’ भरायचं, त्यावर तीन सह्या घ्यायच्या आणि तिसरी सही बाईंची. या तिसऱ्या सहीपायी त्यांनी भल्याभल्या साहेबांना घाम फोडला होता. मला मात्र त्यांनी सांभाळून घेतलं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी एक फाइल हरवली, तेव्हा कुणाला पत्ता लागू न देता त्या माझ्याबरोबर दोन तास धुळीत बसून शोधत होत्या. फाइल माझ्याच टेबलाच्या खणात निघाली. त्यांनी फक्त खण बंद केला.

आदेश निघाल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं.

“हे बघ, साहेबलोकांचे काढायचे तेवढे काढ. मला एकच हवाय. माझ्या टेबलापाशी, हसताना.”

“एवढंच, बाई?”

“आईला दाखवायचाय. नव्वदीला टेकलीय ती. तिला अजून वाटतं, मी रोज डबा घेऊन मैत्रिणींकडे गप्पा मारायला जाते. आणि मोठा छापून दे बाबा. बारीकसारीक दिसत नाही तिला.”

मी शब्द दिला. शब्द देण्यासाठी प्रपत्र लागत नाही, त्यामुळे तो फार झटकन दिला जातो.

घरी ताई आणि तिचे यजमान आले होते. भावोजींकडे तीन कॅमेरे आहेत आणि ते ज्या पिशवीत राहतात ती पिशवी आमच्या ताईपेक्षा जास्त जपली जाते. मी त्यांना विचारलं की समारंभाला कॅमेरा कसा लावू.

“रॉ,” भावोजी म्हणाले. “दुसरं काही बोलूच नकोस.”

त्यांनी समजावलं ते थोडक्यात असं. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने जे जे पाहिलं ते सगळं, जसंच्या तसं साठवलेलं. ही फाइल अवजड असते आणि नंतर संगणकावर बसून तिच्यातून फोटो तयार करावा लागतो. जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने त्यातलं हवं ते ठेवून, नको ते गाळून, स्वतःच बनवलेला आटोपशीर फोटो, जो कुठेही उघडतो. “जेपेग काढणारे लोक असतात,” भावोजी म्हणाले, आणि हे त्यांनी एखाद्याच्या चारित्र्याबद्दल बोलावं तशा आवाजात सांगितलं.

“आमच्या लग्नाचे सगळे फोटो रॉमध्ये आहेत,” ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. “चार हजार.”

“बघितले कुठे मी?” मी म्हणालो.

“मी तरी कुठे बघितलेत? त्यांचं एडिटिंग चालू आहे. मुलगी तिसरीत गेली.”

आता मी जी चूक केली ती आमच्या ऑफिसातलाच माणूस करू शकतो. माझ्या मनातली शंका मी लेखी विचारली. आमच्याकडे तोंडी प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं, लेखी प्रश्नाला मात्र समिती मिळते. ‘समारंभाची छायाचित्रे रॉ स्वरूपात घ्यावीत की जेपेग, याबाबत मार्गदर्शन व्हावे’ एवढी ओळ मी सकाळी सादर केली आणि जेवणाच्या सुट्टीपूर्वी ‘छायाचित्र स्वरूप निश्चिती समिती’ स्थापन झाली. अध्यक्ष उपअधीक्षक, सदस्य भांडारपाल आणि संगणक कक्षाचे ‘रीस्टार्ट’. हे टोपणनाव त्यांना त्यांनी आजवर दिलेल्या एकमेव सल्ल्यावरून पडलं होतं.

“या दोहोंत मूळ प्रत कोणती?” उपअधीक्षकांनी विचारलं.

“रॉ, साहेब. जेपेग तिच्यावरूनच तयार होतो.”

“म्हणजे ती नक्कल झाली. नकलेवर सही कुणाची असते?”

“कुणाचीच नाही. कॅमेरा आपला आपणच बनवतो.”

“असाक्षांकित नक्कल,” साहेब भांडारपालांना म्हणाले. भांडारपालांनी कुणीतरी गेल्याची बातमी ऐकावी तशी मान हलवली.

समजुतीखातर मी सांगितलं की जेपेग लहान असतो, कारण डोळ्याला न जाणवणारी माहिती त्यातून गाळलेली असते.

“कोण गाळतं?”

“कॅमेरा.”

“कुणाच्या आदेशाने?”

कॅमेऱ्याबरोबर आलेल्या एकशे चौऱ्याऐंशी पानी पुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं. रीस्टार्टांनी तेवढ्यात नोंदवलं की रॉ फाइल आपल्या ऑफिसातल्या एकाही संगणकावर उघडणार नाही. मग काय करणार, असं साहेबांनी विचारताच ते म्हणाले, “बंद करून चालू करून बघू.” समितीने हे समाधानकारक मानलं.

निर्णय एकमताने झाला. छायाचित्रे रॉ स्वरूपातच घ्यायची, आणि तीही दाबून लहान न केलेली, कारण दाबताना काही हानी झाल्यास जबाबदारी निश्चित करता येणार नाही. प्रत्येक रॉसोबत एक मोठ्यात मोठा जेपेगही घ्यायचा आणि सक्षम अधिकाऱ्याने तो मूळ प्रतीशी ताडून साक्षांकित करायचा. संकेतस्थळावर पन्नास केबीपेक्षा लहान फोटोच चढतो, म्हणून नंतर तेवढी एक नक्कल करायची. माझं स्वतःचं मोठं मेमरी कार्ड खासगी असल्याने बाद झालं. भांडारपालांनी भांडारातून एक कार्ड काढून दिलं. ते कधी आणि कशासाठी आणलं होतं हे कुणालाच आठवत नव्हतं, पण त्याच्यावर क्रमांक रंगवलेला होता. शेवटी, मोबाइलने काढलेल्या फोटोंचं स्वरूप समितीने निश्चित केलेलं नसल्यामुळे सर्व कर्मचाऱ्यांनी आपापले मोबाइल सभागृहाच्या दाराशी जमा करावेत, असंही ठरलं.

ते कार्ड मी कॅमेऱ्यात घातलं. कोपऱ्यात आकडा उमटला, बासष्ट. या कार्डावर बासष्ट फोटो मावणार होते.

मी उपअधीक्षकांकडे धावलो. त्यांनी शांतपणे एक यादी पुढे केली. संचालकांचं आगमन, संचालक आसनस्थ, संचालक पाणी पिताना, संचालक बोलताना डावीकडून आणि उजवीकडून, आणि मग खालच्या पदांना उतरत्या क्रमाने. एकूण साठ. “दोन शिल्लक आहेत,” ते म्हणाले. “ते निवृत्त होणाऱ्यांसाठी राखीव धरा.” दोन म्हणजे माझ्या गरजेच्या दुप्पट. मी समाधानाने परतलो.

समारंभ वेळेवर सुरू झाला, म्हणजे संचालक आल्यावर. यादीप्रमाणे काम चाललं होतं. संचालकांना एक सवय होती, ती मला आधी कुणी सांगितली नव्हती. कॅमेरा समोर आला की ते डोळे मिटत. आगमन झालं ते मिटल्या डोळ्यांनी, पाणी प्यायले तेही मिटल्या डोळ्यांनी. भाषणात ‘माझी या कार्यालयावर सतत नजर असते’ या वाक्याला तर पापण्या गच्च मिटलेल्या होत्या. मी यादी संपवली तेव्हा साठ फोटो झाले होते. तेवढ्यात उपअधीक्षक माझ्या कानाशी आले.

“डोळे मिटलेले संचालक अभिलेखात जाता कामा नयेत. आणखी दोन घ्या.”

“साहेब, ते दोन बाईंचे आहेत.”

“तुमचा परिवीक्षा कालावधी कधी संपतो?”

माझ्या नोकरीचं कायमपण अजून सात महिने लांब होतं. मी आणखी दोन घेतले. एकात संचालकांचा डावा डोळा उघडा आला.

मग सगळे बाईंच्या टेबलाकडे वळले. त्यांनी टेबल पुसून लख्ख केलं होतं, वह्या एका रांगेत लावल्या होत्या. पदर सारखा करून त्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. मी कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं. पडद्यावर आलं, कार्ड भरले आहे.

“काय झालं रे?”

“जागा संपली, बाई. थांबा, एखादा वाईट फोटो पुसतो.”

“पुसतो म्हणजे?” उपअधीक्षक म्हणाले. “मूळ प्रत आहे ती. प्रपत्र भरा.”

प्रपत्र आणलं. नष्ट करावयाच्या अभिलेखाचे वर्णन या रकान्यात मी ‘संचालक, पाणी पिताना, डोळे बंद’ असं लिहिलं. पहिली सही मी केली. दुसरी उपअधीक्षकांनी चक्क न वाचता केली. तिसऱ्या सहीसाठी कागद बाईंसमोर ठेवला. त्यांनी सवयीने पेन उचललं, टोपण काढलं आणि त्या थांबल्या.

“मी दुपारी बारालाच कार्यभार सोडलाय. माझी सही आता चालायची नाही.”

“मग नवीन कोण?” मी विचारलं.

“त्यांची नेमणूक एक तारखेपासून.”

“बाई, करून टाका ना. कोण बघतंय इथे?”

“छत्तीस वर्षं तरी कोण बघत होतं?” बाई म्हणाल्या.

मला तेव्हा रडू यायचंच बाकी होतं. माझ्या गळ्यात माझ्या तीन पगारांचा कॅमेरा होता, समोर मला सांभाळून घेणारं माणूस होतं, आणि त्यांनी मागितलेली एकच गोष्ट मला जमत नव्हती. बाई मात्र त्या प्रपत्राकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

“अरे, हे मीच बनवलेलं आहे. आधी दोनच सह्या होत्या. तिसरी मी घातली.”

आणि बाई हसायला लागल्या. आधी हळू, मग मोठ्याने, मग टेबलाची कड धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. छत्तीस वर्षांत त्यांना असं हसताना इमारतीतल्या कुणी पाहिलं नव्हतं. आम्ही चाळीसजण बघत उभे राहिलो. चाळीसांचे मोबाइल अजून सभागृहाच्या दाराशी टोपलीत होते आणि माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्यात संचालक होते.

कपबश्या गोळा करायला आलेल्या कँटीनच्या मावशींनी तेवढ्यात एप्रनच्या खिशातून फोन काढला आणि एक फोटो घेतला. त्या कंत्राटी असल्याने मोबाइल जमा करण्याचं परिपत्रक त्यांना लागू नव्हतं. फोनची काच तडकलेली होती आणि कॅमेऱ्यावर तेलकट बोट उमटलेलं होतं. तो फोटो मावशींकडून शिपायाकडे, शिपायाकडून ग्रुपवर, त्या ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर असा फिरत, दर मुक्कामाला थोडा झिजत माझ्यापर्यंत पोचला तेव्हा अडतीस केबी उरला होता. संकेतस्थळाने तो विनातक्रार घेतला. समारंभाचा आमच्या संकेतस्थळावर असलेला तो एकमेव फोटो आहे.

माझ्या बासष्ट मूळ प्रती कार्डासकट लाखबंद पाकिटात, लोखंडी कपाटात सुरक्षित आहेत. जेपेगही त्याच कार्डावर आहेत, पण मूळ प्रतीशी ताडल्याशिवाय ते साक्षांकित होत नाहीत आणि मूळ प्रत उघडत नाही. रीस्टार्ट दर सोमवारी प्रयत्न करतात.

अडतीस केबीचा फोटो मी जमेल तेवढा मोठा छापून घेतला. बाईंच्या चेहऱ्याचे चौकोनी ठिपके झाले होते. तो घेऊन मी त्यांच्या घरी गेलो आणि माफी मागितली. त्यांच्या आईने, म्हणजे आजींनी, फोटो नाकाशी धरला आणि बराच वेळ निरखला. त्यांना तसंही सगळं जग ठिपक्याठिपक्यांचंच दिसत असावं.

“हे ऑफिस?” त्यांनी विचारलं.

“हो आजी.”

“आणि ही तिथे अशी हसायची?” त्या लेकीकडे वळल्या. “मग माझंच बरोबर होतं. मैत्रिणींकडेच जायचीस तू.”

तो फोटो त्यांनी उशीशी ठेवून घेतला. मी भावोजींना सगळं सांगितलं तेव्हा ते हळहळले. हा क्षण रॉमध्ये असायला हवा होता, म्हणाले.

तुम्ही इथवर आमच्या ऑफिसला हसत आलात, ते योग्यच आहे. आमच्याकडे कपाट आहे, कार्ड आहे, आणि त्यातलं काही बघायची सोय नाही. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये मात्र काही हजार फोटो आहेत, जागा भरत आल्याची सूचना दर आठवड्याला येते आणि पुसायला तुम्हाला कुणाच्या सहीची गरज नाही. तर मग त्यातून तुमच्या आईचा एक फोटो शोधून दाखवा, तिच्या स्वतःच्या जागेवरचा, हसतानाचा. सापडेपर्यंत मी बसतो. बसून राहण्याची आम्हाला सवय आहे.