सत्तावीस नग आणि एक सूर्यास्त

शुक्रवार, दिनांक १५ नोव्हेंबर २०२४ रोजी, सकाळी साडेसहा वाजता, सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावरील कतीफ या गावी, एका चार मजली इमारतीच्या दारात, श्री. सिराजुद्दीन परकार, वय वर्षे साठ, बर्फाच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले स्टोअरकीपर, यांनी आपल्या मिनीबसच्या बोनेटवर हात ठेवून पत्नीस जाहीर वचन दिले :

"आमिना, या प्रवासात आपण कोणाचंही, कसलंही काम करणार नाही!"

हे वचन दिले गेले त्या क्षणी मिनीबसमध्ये इतरांचे एकोणीस नग होते.

मिनीबस जुनी असली तरी तिचे घर झाले होते. मागील आसने काढून तेथे फळ्यांचा पलंग ठोकला होता. खिडक्यांना आमिनाबींनी शिवलेले पडदे होते. गॅसची शेगडी होती, पाण्याचा पिंप होता आणि समुद्रावर नेतात तशा दोन घडीच्या खुर्च्या होत्या. अकरा दिवसांत कतीफहून जेद्दापर्यंत हा देश आडवा ओलांडायचा, जेद्दात गाडी तिथल्या ओळखीच्या नसरुद्दीनला ठरलेल्या किमतीत विकायची आणि २६ तारखेच्या विमानाने कायमचे रत्नागिरीला जायचे, असा बेत होता. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, खलास झाला होता. परत येणे नव्हते.

अंदाजपत्रक सिराजभाईंनी स्वतः आखले होते. दिवसाला दोनशे चाळीस रियाल. इंधन, पाणी, गॅस, भाजी, टायर, आकस्मिक असे रकाने. शेवटचा रकाना 'निसर्गदर्शन'. त्यापुढे त्यांनी अत्यंत समाधानाने शून्य लिहिले होते!

हा शेवटचा रकाना वस्तुतः आमिनाबींचा होता. एकतीस वर्षांत या देशात त्यांनी मक्का-मदिनेखेरीज काय पाहिले होते? घर, शाळेचे फाटक आणि दवाखान्याची रांग. त्यांची मागणी नवी नव्हती आणि मोठीही नव्हती. एखाद्या डोंगरावर जावे, दोघांनी शेजारी बसावे आणि सूर्य बुडताना पाहावा. एवढेच. परंतु दर वेळी, अगदी चहाचा थर्मास भरून झाल्यावर, कोणाला तरी विमानतळावरून आणायचे असे, कोणाचा कफील, म्हणजे परवान्याचा जामीनदार मालक, भांडलेला असे, कोणाचे पोट दुखत असे, आणि सिराजभाई चपला घालून म्हणत, "एका तासात आलो."

येथे चिकित्सक वाचक विचारील की, मग हे एकोणीस नग आले कोठून?

सिराजभाईंनी प्रवासाची बातमी केवळ एकाच माणसाला सांगितली होती. गाडीचा सौदा करताना ती नसरुद्दीनला सांगणे भागच होते. नसरुद्दीन म्हणाला, "माशाल्ला! मग येताना दम्मामच्या शिंप्याकडून पोराची शेरवानी घेऊन या. शादी या महिन्याच्या शेवटीच आहे." एक शेरवानी! तिला काय जागा लागते? परंतु शिंप्याच्या दुकानात सकिनाखाला बसल्या होत्या.

"सिराज, तू रियाधवरून जाणार ना? मग आमच्या लेकीला, दुआला, एवढी सुकटीची पिशवी दे. वाटेतच आहे."

वाटेत! कतीफहून निघालेल्या माणसाला पश्चिमेकडचे जगातले प्रत्येक घर वाटेतच लागते. रात्री ईशाच्या नमाजापर्यंत शिलाईयंत्र, लहान मुलाची सायकल, दोन मिक्सर, कोणाचे एक्स-रे आणि कोणाच्या सासऱ्याची कवळी येऊन पोहोचली.

वाचक पुन्हा आक्षेप घेईल : माणसाने सरळ नाही म्हणावे! आक्षेप तर्कशुद्ध आहे. तो घेणारा मात्र परमुलखात राहिलेला नसावा. १९९२ साली, आमिनाबी अजून गावी होत्या तेव्हा, आपल्या लेकीचा, अफनानचा, पहिला फोटो सिराजभाईंना एका सर्वस्वी अनोळखी माणसाने लोणच्याच्या बरणीला गुंडाळून आणून दिला होता. त्या माणसालाही ते वाटेत नव्हते. ज्याने असा फोटो हातात घेतला आहे, त्याच्या जिभेला 'नाही' हा शब्द पुन्हा वळत नाही.

रियाधला पोहोचताच दुआने सुकट घेतली आणि दोघांना आत ओढले.

"गाडीत झोपणार? चाचा, घरात चार गाद्या असताना? अम्मीला मी काय तोंड दाखवू?"

"अगं, पण आम्ही मुद्दाम गाडीत..."

"मुद्दाम म्हणजे? आमचं काही चुकलं का?"

सिराजभाईंनी चपला काढल्या. आमिनाबींची गादी आत दुआच्या शेजारी पडली, सिराजभाईंची हॉलमधल्या सोफ्यावर, नेमकी एसीच्या तोंडाखाली. एका भिंतीच्या दोन बाजूंना पडून नवराबायकोने मोबाइलवर संभाषण केले. "झोपलात?" "नाही." "पडदे मी उगीच शिवले." यावर सिराजभाईंनी बराच विचार करून एक अंगठा पाठवला.

रियाधमध्ये नऊ नग उतरले आणि चौदा चढले! दुआच्या शेजाऱ्याची तर केवळ एक 'छोटीशी वस्तू' अल सुलैच्या एका गोदामातून उचलायची होती. ती वस्तू म्हणजे कपडे धुण्याचे यंत्र निघाले. ते चढवण्यासाठी पलंगाच्या फळ्या काढाव्या लागल्या, आणि ज्या संध्याकाळी वाळवंटाच्या कड्यावरून सूर्यास्त पाहायचा होता, ती संध्याकाळ गोदामाच्या पावतीवर शिक्का मारणाऱ्या माणसाची वाट पाहण्यात गेली. सूर्य तेथेही बुडाला; पत्र्याच्या छपरामागे.

ताइफमध्ये एका कंपाउंडरला एक्स-रे देण्यासाठी दवाखान्याच्या फाटकावर चार तास गेले. दोन नग उतरले. डाळिंबांच्या पेट्यांसह पाच चढले. अंदाजपत्रकात भाजीच्या रकान्यात एकही रियाल खर्ची पडला नव्हता, कारण सहा दिवस त्यांना कोणी स्वतःचे जेवूच दिले नव्हते. इंधनाचा रकाना मात्र फुटून वाहत होता.

ताइफ सोडताना आमिनाबी म्हणाल्या, "अल बाहात आपलं कोणी आहे?"

सिराजभाईंनी स्मरणशक्तीचे सर्व कप्पे तपासले. "नाही बुवा. डोंगरगाव ते. तिथं कोणीच नाही."

"मामाचा जावई? कारखान्यातला कोणी? कोणाचा मित्र?"

"कोणी म्हणजे कोणी नाही!"

"मग चला तिथं," आमिनाबी म्हणाल्या, आणि एकतीस वर्षांत प्रथमच त्यांनी नवऱ्याचा मोबाइल बंद करून स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

दिनांक २१ रोजी सायंकाळी पाच वाजता मिनीबस अल बाहाच्या कड्यावर उभी राहिली. खाली डोंगरांच्या रांगा उतरत उतरत धुक्यात विरघळत होत्या. वारा गार होता. सूर्यास्त पाच चौतीसला. अवधी भरपूर होता. केवळ खुर्च्या काढायच्या होत्या. खुर्च्या कपडे धुण्याच्या यंत्रामागे होत्या, यंत्र सायकलीमागे आणि सायकल डाळिंबांमागे. सिराजभाई हाडाचे स्टोअरकीपर. त्यांनी सत्तावीसच्या सत्तावीस नग बाहेर काढून कठड्यालगत गावनिहाय मांडले, तेथे थांबलेल्या दोन पाकिस्तानी ड्रायव्हरांच्या मदतीने यंत्र उतरवले आणि पाच वीसला खुर्च्या उघडल्या.

दोघे शेजारी बसले. आमिनाबींनी चहा ओतला. सूर्य तांबूस होऊन एका सुळक्यावर टेकू लागला होता. त्यांनी हात पुढे केला, आणि सिराजभाईंनी तो धरला.

"अहो..."

"हं?"

"काही नाही. बघा."

तेवढ्यात मागे कागद फाटल्याचा आवाज आला.

सिराजभाईंनी मान वळवली. त्या डोंगरात राहणारी, करड्या आयाळीची, कुत्र्यासारख्या तोंडाची तीस-पस्तीस माकडे कठड्यावर उतरली होती आणि जकात नाक्यावरील अंमलदाराच्या शांतपणाने एकेक नग उघडून पाहत होती! एकाने डाळिंबांची पेटी फोडली होती. दुसरे कवळी उलटसुलट करून तपासत होते. आणि सर्वांत दांडगा नर नसरुद्दीनच्या पोराची शेरवानी खांद्यावर टाकून वरपित्याच्या ऐटीत चालला होता.

"अहो, जाऊ द्या," आमिनाबी हलक्या आवाजात म्हणाल्या. "बसा. पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

"आमिना, लोकांची अमानत आहे!"

"मला माहीत आहे. तरी बसा."

सिराजभाईंचा हात आमिनाबींच्या हातात होता. त्यांनी सूर्याकडे पाहिले, शेरवानीकडे पाहिले, पुन्हा सूर्याकडे पाहिले. मग हात सुटला.

"एका मिनिटात आलो!"

पुढील प्रकाराचे संपूर्ण वर्णन एका साठ वर्षांच्या प्रतिष्ठित गृहस्थाच्या दृष्टीने इष्ट नाही. ते प्रथम मराठीत ओरडले, नंतर उर्दूत, शेवटी अरबीत "यल्ला! यल्ला!" असे. माकडे स्थानिक असल्याने यल्ला, म्हणजे 'चला, आटपा', तेवढे त्यांना समजले, परंतु त्यांनी ते उत्तेजन मानले. कड्याच्या उतारावर शेरवानीची एक बाही त्यांनी पकडली आणि दुसरी त्या नराने. दोघांनीही आपापला मुद्दा सोडला नाही. शिवण दम्मामच्या शिंप्याची. ती अगदी सरळ रेषेत उसवली. नर उरलेल्या शेरवानीसह दरीत उतरला. परतताना सिराजभाईंनी झुडपातून एक मिक्सर सोडवला, सायकल उचलली, कवळी शोधली. तिचा वरचाच भाग सापडला.

वर येईतो अंधारू लागले होते. सुळक्यामागे एक फिकट जांभळी रेघ तेवढी उरली होती.

आमिनाबी होत्या तेथेच बसल्या होत्या. शेजारच्या खुर्चीत एक म्हातारी माकडीण मांडीवर डाळिंब घेऊन, पश्चिमेकडे तोंड करून, दाणे टिपत होती. सिराजभाईंना पाहून ती सावकाश उठली आणि जागा रिकामी करून कठड्यापलीकडे गेली. सिराजभाई बसले. एका हातात बाही होती, दुसऱ्या हातात अर्धी कवळी. धरण्यासाठी रिकामा हात नव्हता.

त्यांनी विचारले, "कसा होता?"

"बघण्यासारखा."

"आमिना, मी खरंच एका मिनिटात..."

आमिनाबींनी थर्मासचे झाकण घट्ट लावले आणि कठड्याकडे बोट दाखवले.

"ती शेवटपर्यंत बसली होती," त्या म्हणाल्या.