शेवाळ्यांच्या घरचं दुसरं बारसं

शनिवारी सकाळी अपडेट आला आणि कुंदा शेवाळेच्या नवऱ्याचं नाव दशरथचं 'संगम प्रो' झालं. लग्न जुळवणाऱ्या ज्या ॲपवरून तो तिला मिळाला होता, त्या कंपनीनं आपल्याकडच्या सगळ्या नवऱ्यांच्या नावांची नवी मांडणी केली होती. तसा मेसेजही आला होता.

सासूबाईंनी देवघरातून हाक मारली, "दशरथ, समई खाली काढून दे रे."

तो आरशासमोर दाढी करत होता. ढिम्म हलला नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, तशी दाराची बेल वाजली. दारात एक सडपातळ माणूस धापा टाकत उभा होता.

"बोलावलंत?"

"आपण कोण?" कुंदानं विचारलं.

"दशरथ. कालपर्यंत गणपत होतो. मागच्याच गल्लीत राहतो." चपला काढून तो आत गेला, समई उतरवली आणि सासूबाईंपुढे अदबीनं ठेवली.

कुंदानं कंपनीला फोन लावला.

"नाव मोकळं झालं होतं मॅडम, म्हणून हलक्या आवृत्तीला दिलं," पलीकडची मुलगी म्हणाली. "तुमचे मिस्टर तेच आहेत. तुम्ही त्यांना काय हाक मारता?"

"अहो."

"मग तुमच्या सेवेत काहीच फरक पडत नाही."

"आणि त्यांच्या आईंच्या?"

"आई आमच्या ग्राहक नाहीत."

सासूबाई तोवर मुलापाशी गेल्या होत्या. त्याच्या अर्ध्या गालावर फेस तसाच होता.

"मी हाक मारली, तुला ऐकू आलं नाही?"

"आलं ना. मला वाटलं, यांना बोलावतेस."

सासूबाई कुंदाकडे वळून म्हणाल्या, "सिन्नरहून आक्कांना बोलावून घे. आत्या आहे त्याची. रीतसर नाव ठेवू, म्हणजे तरी ओ देईल."

दुपारी आक्का आल्या. मागच्या गल्लीतल्या दशरथनं स्वतःहून घुगऱ्या शिजवल्या. पाळण्यात मावेना म्हणून संगम प्रोला झोपाळ्यावर बसवलं. तो मान खाली घालून बसला. कुंदाला त्याच्याकडे बघवेना. आक्कांनी कुर्रर्र केलं, कानाशी वाकल्या आणि नाव सांगितलं.

"संगम प्रो," सासूबाईंनी चाचरत हाक मारली.

तो गप्प.

कुंदाचा फोन वाजला. तिनं मेसेज वाचला, पुन्हा वाचला. "आत्ताच बदललंय," ती म्हणाली. "आता 'सहचर वन'."

आक्का कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाल्या. झोपाळ्याकडे, मग कुंदाकडे पाहिलं.

"माझी पिशवी आतल्या खोलीत ठेव," त्या म्हणाल्या. "लुगडी चार आणलीत. राहते मी." आणि त्या पुन्हा वाकल्या.